परातीतला डबा

अर्जुनी,
५ मार्च १९३८

चि. सौ. सुमित्रास,

तुझं कार्ड पोचलं. तुझ्या लेकीला, दुर्पताला मुलगी झाली, मायलेकी सुखरूप आहेत, एवढं वाचल्यावर पुढचं लगेच वाचवेना. कार्ड घेऊन मी परसातल्या मोहाखाली जाऊन उभी राहिले. फुलं अजून गळायला लागली नाहीत, पण झाडाला त्यांची चाहूल लागल्यासारखं वाटतं. आठ वर्षांत तुझं अक्षर जरा वाकलं आहे. बाबा असते तर तुला पुन्हा पाटी घेऊन बसवलं असतं.

मग पुढचं वाचलं. आईची गोधडी घेऊन ये, बारशाला बाळाला तिच्यावरच ठेवायचं आहे. आपल्या घरचं प्रत्येक मूल पाळण्यात पहिल्यांदा गेलं ते आजीच्या लुगड्यांच्या गोधडीवर, आजी असो की नसो. दुर्पताही ह्याच गोधडीवर निजली होती. तेव्हा मी येणार. येऊ की नको, असं मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही.

पण खाली तू लिहिलं आहेस, 'नीट बघून आण. डोंगरगडच्या विहीणबाई येऊन राहिल्या आहेत.'

बघितली, सुमित्रा. रोज दुपारी छपराच्या कवेलूंवर पसरली, ऊन कलताना उलटी केली. सुई घेऊन शिवणी उकलून पाहिल्या. ढेकूण शिवणीत बसतो, हे तुला मी काय सांगायचं. आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा अगदी विरला आहे, बोट लावलं तरी धागा निघतो. म्हणून उकळत्या पाण्यात घालायचा धीर झाला नाही. त्याऐवजी निंबाचा पाला आणि वेखंड घालून घडी केली, आणि रॉकेलचा रिकामा डबा घासून, उन्हात तापवून त्यात ठेवली. गुळगुळीत पत्र्यावर ढेकणाचे पाय ठरत नाहीत. वर घट्ट झाकण, त्यावर फडकं, फडक्यावर सुतळी. हे शाळेतून आले आणि डब्याकडे बघून म्हणाले, "गोधडी बारशाला चालली की काळ्या पाण्याला?"

मी हसले नाही. मला आठ वर्षांपूर्वीची ती दिवाळी आठवत होती. तुझ्या घरी सकाळी खाटेवर ढेकूण निघाले, आणि लहानपणापासून मला बाई म्हणणारी तू सासूबाईंपुढे म्हणालीस, "बाई आगगाडीनं आली, तिच्याच वळकटीतून आले असतील." माझी वळकटी दुपारपर्यंत रस्त्याकडच्या कुंपणावर लटकत होती. जाणारा-येणारा विचारत होता आणि तुझी सासू प्रत्येकाला सांगत होती. मास्तराची बायको, गरिबाघरची गादी. मी वळकटी ओढून काढली आणि न जेवता स्टेशनावर जाऊन बसले. मागून कोणी येतं का, म्हणून गाडी सुटेपर्यंत वाटेकडे बघत होते.

ते ढेकूण कुठले होते हे मी तेव्हा बोलले नाही. आजही बोलत नाही.

उद्या निघते. माझी वळकटीही गोधडीसारखीच उन्हातून काढली आहे. वाटेत ती उघडणार नाही, गाडीत टेकून बसणार नाही, कुठल्या खाटेवर अंग टाकणार नाही. ह्या वेळी तुझ्या दारात माझ्यासोबत मी आणि आईची गोधडी, ह्याशिवाय काहीही येणार नाही.

तुझी बहीण,
शामकला


गोंदिया, धर्मशाळा,
७ मार्च, सकाळ

सुमित्रा,

छोट्या लाईनची गाडी रखडली आणि तुझ्या दरेकशाकडची पुढे निघून गेली. आता दुपारची मिळेल. हे पत्र इथून टाकते. ते आधी पोचतं की मी, देव जाणे. समोर तू असलीस की मला बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

गाडीत प्रतापगडच्या जत्रेतून परतणारी माणसं अजून होती. कपाळांवर राख, टोपल्यांतून उरलेला प्रसाद, मांडीवर झोपलेली पोरं. बाकावर जागा होती, पण फळ्यांच्या फटी पाहिल्या आणि मी मधल्या वाटेत डबा ठेवून त्यावर बसले. समोर धनवंता नावाची बाई होती, सौंदडला भावाकडे निघालेली. ती माझ्याकडे बघत होती, मग म्हणाली, "बस ना वो बाई, बाकडा खाली हाये. डब्यावर कायले बसून राहिली?"

म्हटलं, बाकात ढेकूण असतात.

"असतेत तं. मले कवाचे चावून राहिले." तिनं पोटरी खाजवली आणि हसली. "आता चावला तं चावला. एकदा चावला का तो आपल्याच रक्ताचा होते मंग."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले, पण उठले नाही. सौंदडला उतरताना ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, जसं आजारी माणसाला करतात.

सुमित्रा, त्या गाडीच्या हेलकाव्यात मला काय काय वाटत होतं. जंगल मागे सरकत होतं, पळसाची झाडं मधूनच पेटल्यासारखी दिसायची आणि विझायची, आणि मी कुठेही टेकत नव्हते. न टेकता गेलं की माणूस हलकं होतं. आपण प्रवासाला निघालो नसून कोणीतरी आपल्याला हळूहळू विसरत चाललं आहे, असं वाटायला लागतं.

इथे धर्मशाळेत खाटा आहेत. मी खाटेकडे पाहिलं, खाटेनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पडवीत आले. इथल्या चौकीदाराकडे, फागूकडे, एक मोठी परात मागितली. तीत पाणी भरलं, मधोमध वीट ठेवली, विटेवर डबा. आईनं खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचं शिकवलं होतं, तेच. फागू कंदील घेऊन आला.

"बाई, डब्यात साप हाये का?"

"गोधडी आहे."

"मंग तिले पाण्यात कायले ठेवून राहिली?"

"ढेकूण चढू नयेत म्हणून."

त्यानं कंदील खाली धरून परातीत नीट पाहिलं. "इथले ढेकनं पोहत नाहीत, हे खरं," तो म्हणाला. "पर तुमी स्वतः कायच्यात बसाल?"

तो खरं तर चांगला माणूस. कुठून तरी लाकडी पाट आणून दिला, त्यालाही आधी ऊनऊन पाण्यानं धुऊन.

पाटावर बसून, गुडघ्यांवर डोकं टेकून कधी डोळा लागला कळलं नाही. आगगाडी गेली की परातीतलं पाणी थरथरायचं, कंदिलाचा उजेड त्यात मोडायचा आणि पुन्हा जुळायचा. पहाटेकडे ते पाणी वाढत गेलं. परात नव्हतीच ती, आपल्या गावचा तलाव होता, आणि डबा नाव झाला होता. नावेत आई बसून शिवत होती. तू त्या काठाला, मी ह्या काठाला. आईला आपण दोघीही दिसत नव्हतो. दोरा तोंडात धरून ती पाण्याला विचारत होती, "ह्या दोघी कुठे गेल्या गं?" मला ओ द्यायची होती. पण ओ दिली तर पाण्यात पाऊल टाकावं लागेल, आणि पाण्यात पाऊल टाकलं तर डबा उघडा पडेल, असं काहीतरी डोक्यात होतं. स्वप्नात सगळं किती पटतं.

जाग आली तेव्हा डबा कोरडा होता. झाकण, फडकं, सुतळी, सगळं जसंच्या तसं. माझ्या अंगावर एकही डाग नाही, वळकटीची दोरी सोडलेलीच नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिते. बाकी स्वप्नाचं काय, ते सहज लिहिलं.

तुझी,
शामकला


दरेकसा,
९ मार्च, उजाडताना

सुमी,

तू आत झोपली आहेस आणि मी तुझ्याच ओसरीवर बसून तुला पत्र लिहिते आहे. हे टाकणार नाही. बहुतेक चुलीत घालीन.

परवा संध्याकाळी आले तेव्हा तू डबा माझ्या हातून घेतलास. सुतळी दातांनी तोडलीस. गोधडी नाकाशी धरलीस आणि आठ वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोललीस, "आईचा वास नाही येऊन राहिला. वेखंडाचा येते." मी म्हटलं, "आतल्या अंगाला बघ." तू आतल्या अंगाला तोंड लावलंस आणि बराच वेळ काढलं नाहीस. पाठ माझ्याकडे होती.

काल बारसं झालं. गोमती नाव ठेवलं. गोधडीवर निजली तेव्हा तिनं आईच्या हिरव्या तुकड्यात बोटं अडकवली, आणि पाळणा म्हणणाऱ्या बायकांचा सूर मध्येच बुडाल्यासारखा झाला. का माझेच कान भरून आले होते.

पण सुमी, बाळाच्या दंडावर लाल ठिपके आहेत. एका ओळीत. परवा मांडीवर घेतलं तेव्हाच मी पाहिले, गोधडीला बाळाचं अंग लागायच्या आधी. काल बारशानंतर विहीणबाईंच्या नजरेस पडले. त्यांना ते देवीचे फोड वाटले, तू ऐकलंसच. "बच्ची को माता तो नहीं निकल रही? ये घर इसको फल नहीं रहा. कल मैं माँ-बेटी दोनों को डोंगरगड ले जाऊँगी." दुर्पताला अजून धड उभं राहवत नाही. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. ह्या अंगानं ती गाडीत बसली तर काय होईल हे तुला कळतं, मला कळतं. तू हात जोडलेस, देवीला नारळ बोललीस. बोगद्यात शिरणाऱ्या गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा तू दचकलीस, जशी ती गाडी त्यांना न्यायलाच आली होती.

आणि आता उजाडताना, मी पाण्याला उठले, तेव्हा पाळण्याशेजारच्या तुझ्या खाटेच्या दोरीत, पायाकडच्या गाठीत, तो दिसला. मग दुसऱ्या गाठीत बघितलं. मग सोडून दिलं बघायचं. त्यातला एक मी नखाखाली घेतला, तर बोटाला हिरव्या सांबाराच्या, कोथिंबिरीच्या देठासारखा उग्र वास आला. गाठीत त्यांची काळी वस्ती आहे, जुनी, दोरीच्या रंगाची झालेली. तुझ्या यजमानांच्या, चुन्नीलाल भाऊजींच्या जंगलठेक्यावर येणारी माणसं, जंगलबाबू, गाडीवाले, सगळे तुझ्याच खाटांवर उतरतात. ढेकणांनी तरी कुठे जावं.

म्हणजे माता नाही. म्हणजे दुर्पताला कुठे जायला नको. एक वाक्य बोललं की झालं, आणि ते वाक्य आठ वर्षं माझ्या तोंडात आहे. तुझ्याच घरचे. तेव्हाही तुझ्याच घरचे होते. विहीणबाईंच्या देखत, ओसरीवर उभं राहून. खोटं कशाला सांगू, ते वाक्य आत्ता जिभेवर गोड लागतं आहे.

तुला एकटीला कानात सांगता येईल. पण खाटा गुपचूप अंगणात काढता येत नाहीत. विहीणबाई विचारतील, आणि ह्या घरात बाळाच्या उशाशी ढेकूण पोसले म्हणून डोंगरगडभर होईल. दुर्पताला ते जन्मभर ऐकावं लागेल. तुझ्या सासूनं मला ऐकवलं तसंच.

आत बाळ कुरकुरतं आहे. तू झोपेतच पाळण्याची दोरी ओढतेस, मला करकर ऐकू येते. आईही अशीच ओढायची.

उठले पाहिजे.


अर्जुनी,
१४ मार्च

सुमी,

सुखरूप पोचले. दरेकशाचं पत्र चुलीत घातलं नाही, ह्याच्यासोबत पाठवते. ते आधी वाच. मग तुला कळेल, त्या सकाळी मी ओसरीवर येऊन जे केलं ते का. तू तेव्हा विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. खाटा एवढ्या होत्या की बोलायला सवड कुठे होती.

"विहीणबाई, माता नाही," मी म्हटलं. "ढेकूण चावले आहेत. माझ्या वळकटीतून आले. आगगाडीनं आले ना मी." आणि तांब्या हातात घेतलेली तू जिथल्या तिथे राहिलीस. तुझ्या चेहऱ्यावर मी आठ वर्षं जे पाहायची वाट बघत होते ते दिसलं, आणि ते मला मुळीच बघवलं नाही.

विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "हाय राम! मास्टरनी बाई, तुम्हारे अर्जुनी में आदमी रहते हैं कि खटमल?"

"दोन्ही राहतात," मी म्हटलं. "आदमी जरा कमी."

त्या हसल्या, आणि हसल्या म्हणजे निम्मी भीती गेली. लगेच पदर खोचून खाटा ओढायला लागल्या. सगळं घर अंगणात आलं. हंडे चढले, वाफ झाली, गडी दोरी सोडायला बसले. माझी वळकटी तू स्वतः उचलून आणलीस. कुंपणापर्यंत गेलीस आणि ती छातीशी धरून तशीच उभी राहिलीस, टांगली नाहीस. त्याच वेळी टपालवाला आला. गोंदियाचं पत्र.

उलट्या खाटेच्या पायावर बसून तू ते वाचलंस. ओठ हलत होते, लहानपणी हलायचे तसेच. मला पळून जावंसं वाटत होतं. विहीणबाई कळशी ओतता ओतता म्हणाल्या, "किसकी चिट्ठी है?"

"माझ्या बहिणीची."

"बहन तो सामने खड़ी है."

"हो," तू म्हणालीस. "पर गोंदियाहून अजून येऊन राहिली."

मग तू पत्राची घडी केलीस, कमरेला खोचलीस, आणि म्हणालीस ते मी घरी येताना गाडीभर ऐकत होते. "विहीणबाई, ढेकनं हिच्यासोबत नाही आले. हिनं तर गोधडी पाण्यात ठेवून आणली. माझ्याच घरचे आहेत. मागल्या खेपेलाही माझ्याच घरचे होते. सासूच्या धाकानं हिचं नाव सांगितलं होतं मी."

मला वाटलं, झालं, आता ह्या सामान बांधतात. विहीणबाईंनी कळशी खाली ठेवली, तोंड पुसलं, आणि तुझ्याकडे बघून म्हणाल्या, "तो क्या हुआ? जहाँ मेहमान उतरेंगे, वहाँ खटमल भी उतरेंगे. मेरे घर आकर देखो, हर गरमी में यही तमाशा होता है. माता नहीं है, बस. लड़की सवा महीना यहीं रहेगी." आणि खाली बसून गाठी धुवायला लागल्या. किती वर्षं आपण कशाला भीत होतो, सुमी.

आता मी का बोलले ते. तुला वाटलं असेल मोठी म्हणून मोठेपणा केला. तसं नव्हतं. उजाडताना तू झोपेत पाळण्याची दोरी ओढत होतीस तेव्हा मला आपलं गावचं घर आठवलं. तू, मी, मधे आई, एकच गोधडी. रात्री चावायचा तो कुणाला चावला हे सकाळपर्यंत कळायचं नाही, आणि सकाळी आपण दोघी खाजवत बसायचो. तेव्हा कधी कोणी विचारलं नाही की हा कुणाकडचा. मग वाटलं, मी म्हटलं माझा, तर काय बिघडलं.

दुपारी ओल्या खाटेच्या दोन बाजूंना बसून आपण सुयांनी गाठी कोरत होतो, खाली साचलेल्या पाण्यात ऊन हलत होतं. मला तो गोंदियाच्या स्वप्नातला तलाव वाटला, फक्त खूप अरुंद झालेला. तुझी सुई माझ्या बाजूला आली की मी बोट बाजूला घ्यायची. त्या रात्री मी तुझ्या खाटेवर आडवी झाले. घर सोडल्यापासून पहिल्यांदा अंग टाकलं. इतकी गाढ झोप लागली की स्वप्नसुद्धा आलं नाही.

गोधडी गोमतीजवळच राहू दे. हिरवा तुकडा फार फाटला तर माझ्या लुगड्याचा लाव, परीट घडीचं एक पाठवते. आईच्या नंतर आता आपलीच लुगडी आहेत.

एक सांगायचं राहिलं. काल वळकटी सोडली तर उशीच्या शिवणीतून एक निघाला. इकडे येताना मी टेकून बसले होते, बाकावर, सगळ्यांसारखी. पण तो गाडीतला नव्हे. चांगला गरगरीत, खात्यापित्या घरचा, तुझ्या दरेकशाचा. हे वाकून बघत होते. "ह्याचं तिकीट कोणी काढलं?" म्हणाले. मला धनवंता आठवली, सौंदडला उतरून गेलेली.

वळकटी आता रस्त्याकडच्या कुंपणावर टांगली आहे. पलीकडच्या केवलरामची बायको थांबली आणि विचारू लागली, काऊन वो, काय झालं?

म्हटलं, काही नाही. बहिणीकडे जाऊन आले.

तुझी,
बाई